शिक्र्याची वहिवाट

पनवेल मागे टाकून गाढी नदीच्या उगमाच्या दिशेने निघालेला रस्ता नेऱ्यापाशी येतो, तेव्हा समोर माथेरानच्या डोंगराची लांबच लांब भिंत, उजव्या हाताला प्रबळगडाचा पसरट माथा आणि डावीकडे चंदेरीचा सुळका असा सह्याद्रीच्या एका शाखेचा सगळा विस्तार एका दृष्टिक्षेपात येतो. वरच्या अंगाला पनवेलकरांना पाणी पुरविणारे देहरंगचे धरण, खालच्या अंगाला भातखाचरे, बांधांवरची आंब्या-जांभळांची झाडे, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभे राहिलेले शांतिवन, आणि या सर्वांच्या मध्येमध्ये, नव्या विमानतळाभोवतीच्या मुलखाची सरकारी आखणी २०१३ साली जाहीर झाल्यापासून अधिकच वेगाने उगवू लागलेल्या उंच इमारती, असे या गावाचे आजचे मिश्र स्वरूप आहे. पश्चिमेकडून शहर चालून येत आहे आणि पूर्वेकडून रान अद्याप हटलेले नाही. अशा हद्दीवरच्या गावात एखाद्याच्या घरात जंगली शिकारी पक्षी येऊन बसला, तर घरमालकास आश्चर्य वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु ते आश्चर्य जरा बाजूला सारले, तर आजवर तो आला कसा नाही, हा प्रश्नच अधिक सयुक्तिक ठरतो.

आमच्या नेऱ्याच्या घरी असा आगंतुक आला तो पावसाळा ओसरत असताना, भर दुपारी. पडवीतून एक बुलबुल सुसाट आत शिरला, त्याच्यामागून राखी रंगाचे काहीतरी सपकन गेले, आणि पाहतो तो बुलबुल स्वयंपाकघराच्या खिडकीतून पसार झालेला व त्याचा पाठलाग करणारा मात्र माजघरातल्या कपाटावर, पंख किंचित ओघळलेले, चोच उघडी आणि तांबडेलाल डोळे आमच्यावर असे रोखलेले, की घुसखोरी त्याने केली आहे की आम्ही, असा क्षणभर संभ्रम पडावा. आमच्या वृद्ध आत्याबाईंनी लगोलग निवाडा दिला, "घार शिरली रे घरात! शांत करायला हवी." शेजारचे चिरंजीव टॉवेल घेऊन पुढे सरसावले, "काका, धरू का?" आमच्यापैकी कोणाला तरी छताचा पंखा बंद करण्याची सुबुद्धी झाली आणि सर्वांनी मागे सरून पडवीचे दार मोकळे सोडले, तेव्हा पक्षी काही वेळ विचारात पडल्यासारखा बसून राहिला व मग एका झेपेत उजेडाकडे निघून गेला. शांत आणि टॉवेल, दोन्हीही अनावश्यक ठरले.

ती घार नव्हती. तो शिक्रा होता. घार आकाराने पुष्कळच मोठी, तपकिरी, शेपटीला दुभंग असलेली आणि तासन् तास आकाशात तरंगणारी. शिक्रा पारव्याएवढा, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत फारतर ३६ सेंटीमीटर लांब. नराची पाठ निळसर राखी, पोटाकडे पांढऱ्यावर तांबूस आडव्या रेघांची बारीक वीण, गळ्याच्या मध्यावर एक पुसट करडी उभी रेघ आणि डोळे गर्द तांबडे. मादी त्याच्याहून ठळकपणे मोठी, पाठीवर तपकिरी झाक असलेली आणि डोळ्यांनी पिवळसर नारिंगी. कोवळ्या पक्ष्याच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी उभे फराटे असतात, आणि पहिल्या वर्षाचा हाच अननुभवी पक्षी घराच्या दारांत-खिडक्यांत अडकण्याचा संभव विशेष असतो. भराभर चार-सहा वेळा पंख मारायचे आणि मग पंख स्थिर ठेवून घसरत जायचे, अशी त्याच्या उड्डाणाची ठरलेली लय असून, एकदा ती ओळखीची झाली की रस्त्याने जातानाही तो दुरून ओळखता येतो.

आता असा पक्षी घरात का शिरतो, याचे उत्तर त्याच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. बहिरी ससाणा मोकळ्या आकाशाचा शिकारी. तो उंचावरून पंख मिटून ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने सावजावर कोसळतो, आणि त्यासाठी त्याला लांब, निमुळते पंख मिळालेले आहेत. शिक्र्याचा मुलूख निराळा. तो झाडीत दबा धरून बसतो आणि संधी साधताच जमिनीलगत, कुंपणाच्या किंवा भिंतीच्या आडोशाने, अखेरच्या क्षणापर्यंत सावजाच्या दृष्टीस न पडता येऊन धडकतो. त्याचे पंख आखूड आणि गोलाकार, म्हणून फांद्यांच्या दाटीतून त्याला वाट काढता येते. शेपटी लांब, म्हणून भरवेगात असतानाही एकाएकी वळता येते. ज्याचे सारे कसब दोन झाडांमधल्या फटीतून सूर मारण्यात आहे, त्याला पडवी आणि माजघर यांच्यामधले दार ही तसलीच आणखी एक फट वाटली, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष काढता येणार नाही. शिवाय सावज घरातच असते. वळचणीच्या चिमण्या, तुळशीपाशी येणारे बुलबुल, कुंपणावरचे सरडे, भिंतीवरच्या पाली, खारी, उंदीर, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या वाळवीचे थवे, आणि इमारतींच्या सज्ज्यांतून बेसुमार वाढलेले पारवे, ही सगळी शिक्र्याच्या भोजनाची यादी असून ती आपणच आपल्या अंगणात मांडून ठेवलेली आहे. गावात कोंबडीची पिल्ले उचलण्याचा आरोप घारीइतकाच त्याच्यावरही होतो आणि तो निराधार नाही.

आपल्याकडे जमिनीच्या मालकीखेरीज वहिवाट म्हणून एक हक्क मानला जातो. दुसऱ्याच्या खाचरातून पिढ्यान् पिढ्या जाण्या-येण्याची पायवाट असेल, तर नव्या मालकाला नुसते खरेदीखत दाखवून ती बंद करता येत नाही. नेऱ्यातल्या शिक्र्याचे नेमके असेच आहे. सातबारा कोणाच्याही नावे असो, या बांधावरून त्या आंब्यावर आणि त्या आंब्यावरून पलीकडच्या जांभळीवर जाण्याची हवेतली वाट त्याच्या वहिवाटीची आहे, आणि त्या वाटेवर आपण भिंत बांधली, ही घटना त्याच्या दप्तरी अजून नोंदलेली नाही.

भिंत एक वेळ दिसते तरी. काच दिसत नाही. शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीचे वर्णन करताना लेखक मंडळी नेहमी अतिशयोक्तीच्या आहारी जातात, पण सत्यही कमी विलक्षण नाही. प्रयोगांती असे आढळले आहे, की मोठ्या गरुडांची दृष्टी माणसाच्या दुपटीहूनही अधिक तीक्ष्ण असते. आपल्या नेत्रपटलावर सूक्ष्मदर्शनाचा खळगा एकच असतो, तर या पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात तसे दोन असतात: एक बाजूच्या दूरच्या वस्तूचे बारकावे टिपणारा, दुसरा नाकासमोरच्या जवळच्या वस्तूसाठी. डोळे इतके मोठे, की खोबणीत ते जवळजवळ फिरतच नाहीत. म्हणून पक्ष्याला सारखी मान वळवावी लागते. भुवईच्या जागी पुढे आलेले हाड डोळ्यावर पागोळीसारखे असते, आणि आपल्याला जो क्रोध भासतो तो या हाडाचा परिणाम आहे. आमच्या कपाटावरचा पाहुणा रागावलेला नव्हता, भेदरलेला होता. परंतु एवढी सामग्री असूनही काचेत प्रतिबिंबित झालेले आभाळ आणि खरे आभाळ यांतला भेद या पक्ष्यांना करता येत नाही, कारण पारदर्शक आणि तरीही कठीण अशी उभी वस्तू निसर्गात कोठेच नसल्यामुळे तिच्याविरुद्ध तजवीज करण्याचा प्रसंगच पक्षिजातीवर कधी आला नाही. नव्या इमारतींची आरशासारखी तावदाने म्हणूनच त्यांना घातक ठरतात.

माणसाची आणि या पक्ष्याची गाठ मात्र जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदाचे, म्हणजे पक्ष्यांकडून पक्ष्यांची शिकार करविण्याचे, स्वतंत्र प्रकरण आहे. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचे 'श्यैनिकशास्त्र' तर संपूर्णपणे याच विद्येला वाहिलेले असून ते हरप्रसाद शास्त्री यांनी संपादित करून १९१० साली कलकत्त्यास प्रसिद्ध केले. मोगली अमलात या शौकाला खात्याचे स्वरूप आले, अबुल फज्लच्या 'आईन-इ-अकबरी'त शिकारी पक्ष्यांची व त्यांच्यावरील नोकरांची दखल घेतली गेली, आणि बाजदारांनी आपल्या पक्ष्यांचे दोनच वर्ग पाडले: काळ्या डोळ्यांचे ते स्याहचश्म आणि पिवळ्या-तांबड्या डोळ्यांचे ते गुलाबचश्म. शिक्रा गुलाबचश्मांपैकी. बहिरीचा किंवा बाजाचा मान त्याला कधी मिळाला नाही. परंतु तो सहज मिळे, थोड्याच दिवसांत माणसाळे, आणि लावे-तित्तिर निमूटपणे धरून देई, म्हणून सामान्य शिकाऱ्याचा तो भरवशाचा गडी होता. त्याच्या गळ्यात सुताचा पीळ अडकवून, त्याला तळहातात आडवा धरून, सावजाच्या दिशेने भिरकावीत. हाताचा वेग पक्ष्याच्या वेगात मिळून पहिल्याच झेपेत निम्मे अंतर तोडले जाई. मादी मोठी व जोरकस म्हणून पसंती तिला, आणि बाजदारांच्या बोलीत शिक्रा म्हणजे मादीच. नराला ते चिपक म्हणत. त्या हिशेबाने आमच्याकडे आलेले तांबड्या डोळ्यांचे गृहस्थ चिपक ठरतात आणि बाजखान्यात त्यांची नेमणूक दुय्यम दर्जाची झाली असती.

बाजदारांनी नुसत्या डोळ्यांच्या रंगावरून केलेली ही विभागणी पुढे शास्त्राने ज्या रीतीने खरी ठरविली, ती हकीकत मला या विषयातली सर्वांत सुरस वाटते. युरोपीय पंडितांनी आरंभी सगळ्या शिकारी पक्ष्यांची एकाच कुळात भरती केली होती, इतकी की १७८८ साली ग्मेलिनने शिक्र्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात त्याला ससाणाच ठरविले होते. तीक्ष्ण नखे, आकडेदार चोच आणि मांसाहार एवढे साम्य असल्यावर नाते जवळचे असणारच, असे अनुमान कोणीही केले असते. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पक्षिवंशाच्या विस्तृत जनुकीय अभ्यासाने आणि २०१४ साली झालेल्या संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेने असे दाखवून दिले, की ससाणे हे शिक्रा-घार-गरुड यांचे सख्खे कोणीच नव्हेत. त्यांचे निकटचे आप्त म्हणजे पोपट आणि चिमणी-बुलबुलांसारखे लहान पक्षी. एकसारखा धंदा केल्यामुळे दोन निराळ्या घराण्यांची हत्यारे सारखी झाली, इतकेच. नीट पाहिल्यास हत्यारांतही फरक आहे: ससाणा सावजाची मान चोचीच्या काठावरील दातासारख्या खाचेने मोडतो, तर शिक्रा पायांच्या मगरमिठीने आणि मागच्या नखाने काम उरकतो. घरात आलेल्या शिक्र्याच्या चोचीला भिणारी माणसे त्याच्या पायांकडे दुर्लक्ष करतात, ते याच अज्ञानामुळे.

शिक्र्याच्या दहशतीवर आपला संसार चालविणारा एक पक्षीही नेऱ्याच्या रानात आहे आणि त्याला प्रत्येक शेतकरी ओळखतो. पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असा घोष करणारा पावशा रंगाने, छातीवरच्या रेघांनी, पट्टेदार शेपटीने आणि उडण्याच्या ढबीनेही शिक्र्याची हुबेहूब नक्कल आहे. तो कोकिळेच्या कुळातला असून त्याची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते. शिक्रा आला असे समजून सातभाई कल्लोळ करीत पांगतात आणि घरटे तिला मोकळे मिळते. कोतवाल तर शिक्र्याच्या आवाजाचीच नक्कल करतो. म्हणून घराजवळ शिक्रा दिसला असे कोणी सांगितले, की प्रथम महिना विचारावा आणि मग चोच: पावशाची चोच सरळसर, शिक्र्याची आकडेदार.

घराशी संबंध येणारे इतर शिकारी पक्षी थोडक्यात सांगतो. घार गच्चीवर माणसाच्या डोक्यावर झडप घालते ती हिवाळ्यात, जवळच्या माडावर किंवा मनोऱ्यावर तिचे घरटे असते तेव्हा. दिल्लीतल्या घारींच्या अभ्यासावरून असे दिसते, की जेथे लोक त्यांना हौसेने मांसाचे तुकडे घालतात आणि कचरा उघडा पडलेला असतो, तेथल्या घारी माणसावर अधिक धिटाईने धावतात. तेव्हा टोचा खाण्याचे निम्मे श्रेय आपले. गव्हाणी घुबड माळ्यावर किंवा पाण्याच्या टाकीमागे बिऱ्हाड करते, त्याच्या फुत्काराने घरातली माणसे घाबरतात आणि अपशकुन म्हणून त्याची पिल्ले मारली जातात. हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. ज्या भाताच्या कणगीभोवती उंदीर जमतात तिची राखण हा पक्षी बिनपगारी करतो, आणि संपूर्ण अंधारातही, केवळ कानांच्या बळावर उंदीर धरतो. त्याच्या दोन कानांची छिद्रे एका पातळीत नसल्यामुळे आवाज वरून आला की खालून, हे त्याला अचूक कळते. त्याला घालवून उंदरांसाठी विष ठेवणाऱ्या घरात ते विष खाल्लेला मंदावलेला उंदीर दुसऱ्या एखाद्या घुबडाच्या पोटात जातो.

घरातल्या औषधाने रानातला पक्षी मरतो, ही गोष्ट ऐकताना अतिरंजित वाटेल. पण रायगड जिल्ह्याने ती प्रत्यक्ष अनुभवली आहे. गोठ्यातल्या दुखणाईत गुराला वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक, ते गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा देशात शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक संहार होऊन गेला होता. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात उरलेली गिधाडे ग्रामस्थांनी आणि महाडच्या सिस्केप संस्थेने जपली, ही त्या काळोखातली एक आशादायक नोंद. गुराला औषध पाजणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात गिधाडाचे नावही नव्हते.

तेव्हा अशा पाहुण्याशी व्यवहार कसा करावा, हे सांगून हा लेख पुरा करतो. पक्षी खोलीत शिरला की सर्वप्रथम छताचा पंखा बंद करावा, कारण घाबरलेला पक्षी वरच्या दिशेने उडतो आणि पात्याचा फटका हाच खरा धोका असतो. नंतर दिवे मालवून, एक दार किंवा खिडकी पूर्ण उघडी ठेवून बाकीच्यांवर पडदे ओढावेत आणि सर्वांनी खोलीबाहेर जावे. छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. काचेवर आपटून पक्षी पडलेला असेल, तर जाड टॉवेल त्याच्यावर टाकून, पाय आवळून न धरता पण नखांपासून सांभाळून, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याला ठेवावे आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी असू द्यावे. चोचीत पाणी ओतू नये. दूध, भात, पाव देऊ नये. पुष्कळ पक्षी तास-दोन तासांत शुद्धीवर येऊन उडून जातात. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, किंवा संक्रांतीच्या सुमारास मांज्याने कापले असेल, तर घरगुती उपचारांच्या भरीस न पडता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. उन्हाळ्याच्या अखेरीस झाडाखाली बसलेले धडधाकट पिल्लू दिसल्यास ते अनाथ समजून घरी आणू नये. त्याचे आईबाप वरच्या फांदीवरच असतात. आणि पक्षी कितीही देखणा असो, तो ठेवून घेण्याचा विचार मनात आणू नये: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये तो पकडणे, पाळणे किंवा त्याचे घरटे काढणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे.